माळेत एकशे आठ, संगणकात एकशे सात

मंडळी, आज सकाळी हेब्बाळच्या ऑफिसात काम सुरू होण्याआधी रोजच्यासारखं संगणकावर रामनाम लिहिलं. वडिलांच्या तुळशीमाळेचा एक मणी ओढायचा, एका ओळीत एक नाव लिहायचं. ते गेल्यापासूनचा हा नेम.

माळ पूर्ण झाली की ओळी मोजणारी कमांड चालवतो. ती रोज एकशे सात सांगते! माझंच लक्ष उडालं असेल किंवा माळेतच एक मणी कमी असेल, असं समजून मी एक नाव वाढवायचो.

आज न राहवून शेजारच्या टेबलावरच्या शोभाअक्कांना विचारलं. त्या इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, बोलण्यात कानडी शब्द येतातच.

"अण्णा, शेवटच्या नावानंतर एन्टर दाबता?"

"नाही. हात जोडतो."

त्या हसल्याच. "मग बरोबर! ते यंत्र ओळी नाही, एन्टर मोजतं; शेवटचं नाव सुटतं. यंत्रावर पण स्वल्प शंका घ्या की, थोडीशी!"

म्हणजे माळ खरी होती, आणि मी वडिलांच्या माळेवरच संशय घेत होतो. मग ते रोजचं जास्तीचं नाव भक्तीचं की संशयाचं? मला अजून उमगत नाही. तुम्हाला काय वाटतं?

जेवणाच्या सुट्टीत पुन्हा बसलो. माळ पूर्ण केली, हात जोडले आणि न मोजताच फाइल बंद केली.