चेण्याची पंगत

सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला मी चेण्याच्या संस्थेत माझ्या भावाला जिलबी वाढली आणि त्याला ओळख दाखवली नाही. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही — आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच.

वसंत माझ्याहून धाकटा. चालायला उशिरा लागला, बोलायला त्याहून उशिरा. आणि पहिलं बोलला ते माझं घरातलं नाव — छबू. नवघरच्या आमच्या दोन खोल्यांत तो आवरेनासा झाला तेव्हा वडिलांनी त्याला चेण्याला ठेवलं. घोडबंदर रस्त्यापासून आत, झाडीत, एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको राहत्या घरातच मतिमंद मुलं सांभाळत. साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा आसपास दुसरं काही नव्हतंच. जागा वाईट नव्हती — हे सांगायला हवं. मुलं अंगणात भाजी लावायची, काथ्या वळायची.

मला ठाण्याचं स्थळ आलं तेव्हा वडील म्हणाले, “एकच मुलगी आम्हाला.” मी खाली मान घालून बसले होते. दाखवायच्या मुली तशाच बसायच्या, नाही का? लग्नात माझं नाव बदललं. सासरी मी वैजयंती झाले. छबू त्या घराला ठाऊकच नव्हती.

मग सासरे गेले. वर्षश्राद्धाला अशा मुलांना जेवू घालावं असं सासूबाईंच्या मनात आलं, आणि कुणीतरी चेण्याची जागा सुचवली. तेव्हा सांगता आलं असतं. निदान डोकं दुखतंय म्हणून घरी राहता आलं असतं. मग गेले का? — त्याला बघायचं होतं. लग्नानंतर एकदाही गेले नव्हते. खरंच, नुसतं बघायचं होतं.

मास्तरांनी आणि त्यांच्या बायकोने मला परकर-पोलक्यातच पाहिलं होतं; डोक्यावरच्या पदरात ओळखलं नाही. मुलं ओसरीवर पंगतीला बसली होती. पुऱ्या वाढत सासूबाई पुढे, जिलबीचं ताट घेऊन मी मागे. वसंतचे केस अगदी बारीक कापले होते. त्याने वर पाहिलं आणि माझा पदर धरला.

“छबू. छबू, घरी.”

“अगोबाई! कोण रे बाबा तुझी छबू?” सासूबाई हसल्या. “बघ गं, सोडायला तयार नाही. मागच्या जन्मीचा कुणीतरी दिसतोय तुझा!”

तिथे कामाला असलेली गावातली बाई म्हणाली, “असा कुनाला धरत न्हाय हो तो. वळख हाय काय, ताई?”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सहजच पाहिलं असेल.

“नाही,” मी म्हणाले. “घरचं कुणी आठवलं असेल बिचाऱ्याला.”

बिचाऱ्याला — हा शब्द माझ्या तोंडून आला.

बाईने त्याची बोटं एकेक करून सोडवली. तो रडला नाही. मी पुढच्या पानाशी वाकले. परतताना सासूबाई म्हणाल्या, “किती हात आखडून वाढलंस गं, निम्मी जिलबी उरली.”

पुढच्या खेपेला आई त्याला भेटून आली. “काय झालंय कळत नाही गं,” म्हणाली, “तुझं नाव काढलं की कान झाकून घेतो.” मी म्हटलं, कान दुखत असेल. आईने मग पुढे बराच काळ त्याच्या कानात तेल घातलं.

मास्तर वारल्यावर संस्था बंद झाली. ज्यांची माणसं आली ती मुलं घरी गेली. वडील तेव्हा अंथरुणाला खिळले होते. आईने मला एवढंच विचारलं, “तू बघतेस का?” मी बघितलं नाही. उरलेल्या मुलांबरोबर त्याला घाटावरच्या कुठल्याशा आश्रमात नेलं. तिथे तो तापाने गेला. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

नवरा गेला त्याला आता वर्ष होईल. आता कळून कुणाचं काही बिघडायचं नाही — म्हणूनच लिहितेय का? असेल, तसंच असेल.

वसंतचा एकही फोटो नाही. त्याला पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे.