आजोबांच्या ट्रंकेतल्या न झालेल्या कुस्त्या

मंडळी, आज आजोबांच्या कागदांची ट्रंक रत्नागिरीतल्या एका वाचनालयाला दिली. चुलतभाऊ रद्दीत घालणार होता. भांडून नेली!

आजोबा १९३०च्या सुमारास मुंबईच्या पेपराला इथल्या कुस्त्यांची बातमी पाठवायचे. पैलवानांच्या नावाने 'मी जिंकलो', 'मी हरलो' असे लेखही तेच लिहून द्यायचे. आगबोट कुणासाठी थांबायची नाही, म्हणून कुस्तीआधीच दोन्ही लेख तयार. निकाल लागला की खरा लेख बोटीवर जायचा आणि दुसरा ट्रंकेत.

म्हणजे ट्रंकेत उरल्या त्या सगळ्या न झालेल्या कुस्त्या.

आज वाचनालयात पूर्णगडचे एक काका ट्रंकेचं ऐकून मुद्दाम आले होते, नव्वदीला टेकलेले. त्यांचे वडील पैलवान. इथल्या फडात मोठी कुस्ती हरलेले. त्यांच्या नावाचा कागद सापडला आणि मी वाचू लागले, 'मी जिंकलो. आता घरी जाऊन आईला सांगणार, मासळीची टोपली उतरव डोक्यावरची, तुझा पोर जिंकला.'

काकांचे डोळे भरले. "बाबांस लिवायला येत नव्हता. पण बोलायचे अस्सेच! परत वाच गो."

परत वाचलं.

ग्रंथपाल बाईंची मात्र पंचाईत झाली. हा कागद ठेवायच्या पाकिटावर लिहायचं काय? "खोटी बातमी लिहू का?" त्यांनी विचारलं.

काका तडकलेच. "खोटी कशी? झाली नाय, इतकाच."

पाकिटावर आम्ही तेच लिहिलं.

तुमच्या घरी आहे का असं काही जपलेलं, जे झालं नाही, इतकंच?