कच्च्या कालवांचं पथ्य

बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फोन करून लोक काहीही विचारायचे. इंग्लंडात नव्यानं आलेल्या माणसाला इथला डॉक्टर भेटेपर्यंत दुखणं एकतर बरं होतं नाहीतर वाढतं, त्यामुळे निवृत्त झालेला मराठी डॉक्टर म्हणजे सगळ्यांच्या हक्काचा. कुणाच्या मुलाला पुरळ, कुणाच्या आईचं बीपी. आणि थंडी सुरू व्हायच्या सुमाराला एक फोन ठरलेला असायचा.

“काका, ऑफिसची टीम ऑयस्टर्स खायला चाललीय. कच्चीच खातात म्हणे. सेफ असतात का हो?”

बाबांची कळी खुलायची. ते मूळचे मालवणकडचे. “ऑयस्टर कसलं रे, कालव म्हण,” इथून सुरुवात. मग व्याख्यान. कालव समुद्राचं पाणी गाळून जगतं, म्हणजे त्या पाण्यात जी काही घाण असेल ती त्याच्या पोटात. विकण्याआधी इथे ती स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवतात, त्यानं बरंच काही निघून जातं, पण सगळं जात नाही. लिंबू पिळलं, तिखट सॉस ओतला, वर वाइन प्यायली की जंतू मरतात ही निव्वळ थाप. शिंपला घट्ट मिटलेला हवा. उघडा दिसला आणि टिचकी मारूनही मिटला नाही, तर सरळ बिनमध्ये. “तू धडधाकट आहेस ना? लिव्हर ठीक? केमोबिमो नाही ना चालू? मग खा दोन-चार. आणि पोट बिघडलं तर मला फोन करू नकोस.”

मी स्वयंपाकघरातून हे ऐकत नाक मुरडायची. मी पुण्याच्या शाकाहारी घरातली. आमच्याकडे अंड्याचं भांडंसुद्धा बाल्कनीत राहायचं. लग्न होऊन मिल्टन कीन्सला आले तेव्हा या घरात माशांसाठी वेगळा फ्रीज आहे हे बघून मी आईला रडत फोन केला होता. बाबांनी ते ऐकलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं, फ्रीज उघडायच्या आधी ते मला मोठ्यानं विचारायचे, “उघडू का? की आईला फोन करतेस?”

मला ते फार आवडायचे. माझ्या स्वतःच्या वडिलांशी मी इतकं कधी बोलले नव्हते.

बाबांची नोकरी केंटच्या किनाऱ्यावरच्या एका हॉस्पिटलात झाली. निवृत्त झाल्यावर, आमच्या लग्नाआधीच, नवऱ्यानं त्यांना आपल्याजवळ आणलं. “आयुष्यभर समुद्राकाठी राहिलो, आणि म्हातारपणी यांनी मला या राउंडअबाउटांच्या, गोल चौकांच्या गावात आणून सोडलं,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. म्हणून दर ऑक्टोबरात त्यांना एकदा किनाऱ्यावर न्यावं लागे. तिथे लाकडी टपरीसमोर उभं राहून ते कच्ची कालवं खायचे. आणि सासूबाई त्यांचा कोट हातावर घेऊन, पाठ फिरवून, कार पार्ककडे बघत उभ्या राहायच्या. त्याही कोकणातल्याच, जन्मभर कालवं खाल्लेल्या, पण ओल्या खोबऱ्यात, कोकम घालून, वाफ निघणारी. “कच्चं काय खायचं ते, जनावरासारखं,” त्या कार पार्कला सांगायच्या. “झालं का हो?” बाबा मुद्दाम अजून एक मागवायचे.

मग बाबांना रक्ताचा कॅन्सर निघाला.

केमो सुरू झाली तेव्हा हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं की पांढऱ्या पेशी कमी होतील, साधा जंतूही झेपणार नाही, म्हणून कच्चं टाळा. कच्चे मासे, कच्ची कालवं, अर्धवट शिजलेली अंडी, काही प्रकारची चीज. सासूबाईंनी हे सगळं मान हलवत ऐकलं आणि घरी येताच पथ्य हातात घेतलं.

आपल्याकडे औषध डॉक्टरचं असतं, पण पथ्य घरातल्या बाईचं असतं. सासूबाईंचा नवरा डॉक्टर, मुलगा इंजिनिअर, सून कॉम्प्युटरवर बसून कुणालाही न कळणारं काहीतरी करणारी. त्यांना या आजारात करण्यासारखं एवढंच होतं, आणि ते त्यांनी असं केलं की हॉस्पिटललाही लाज वाटावी. काकडीची कोशिंबीर आधी काकडी वाफवून होऊ लागली. कोथिंबीर वरून भुरभुरायची नाही, फोडणीत घालून मारायची. केळं साबणानं धुवायचं, मग सोलायचं. भारतातून कुणी आणलेला चिवडा पुन्हा कढईत भाजला जायचा. बाबा कुरकुरायचे, “अगं, मी डॉक्टर आहे.”

“होतात. आता पेशंट आहात.”

ऑक्टोबर आला तेव्हा बाबांनी कालवांचा विषय काढून बघितला. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. मला म्हणाल्या, “फोनवर जगाला सांगतात, केमो असेल तर तोंड लावू नका. स्वतःची वेळ आली की बघ.” बाबा हसले. पुढच्या वर्षी, म्हणाले.

हॉस्पिटलात ते आम्हाला आत येऊ द्यायचे नाहीत. “डॉक्टर-डॉक्टर बोलतो आम्ही, तुम्ही चहा घ्या.” आम्ही बाहेर बसायचो. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरंच वाटायचं, की आत आपला माणूस आहे आणि त्याला सगळं कळतंय. थंडी संपत आली तेव्हा एकदा ते बाहेर आले आणि म्हणाले, “केमो थांबवतायत. शरीराला जरा विश्रांती हवी.” घरी येईपर्यंत सासूबाईंनी त्या विश्रांतीत काय काय खायला घालायचं ते ठरवलंसुद्धा. आणि खरंच, पुढच्या काही आठवड्यांत डोक्यावर पांढरे मऊ केस आले. सकाळी ते रेडिओ लावून बसायला लागले. सासूबाई मैत्रिणींना फोनवर सांगायच्या, “टच वुड, आता बरे आहेत हो.”

याच सुमाराला घरी नर्स यायला लागली. गोड बाई. मला वाटलं, चला, इथल्या सरकारी उपचारांसाठी एवढा टॅक्स भरतो त्याचं काहीतरी सार्थक झालं. एका दुपारी तिला सोडायला मी दारापर्यंत गेले. गाडीचं दार उघडता उघडता ती म्हणाली, “आता त्यांना जे खावंसं वाटेल ते खाऊ दे हं. काही बंधन नाही.” माझ्या दंडाला हात लावून ती गेली.

मी लहान असताना मला कावीळ झाली होती. आळणी भात, उसाचा रस, पुन्हा आळणी भात. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता हिला सगळं खाऊ दे. आईनं त्या दिवशी पुरणपोळी केली आणि अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले. आपल्याकडे पथ्य सुटतं ते माणूस बरा झाला म्हणून सुटतं. दुसऱ्या कशासाठी पथ्य सुटू शकतं, हे मला माहीतच नव्हतं. मी दारात उभी राहून चक्क हसले. कुणालाच काही सांगायचं नाही, बाबांना चकित करायचं, असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एकटी गाडी घेऊन केंटला गेले. टपरीवाल्याला मी सगळे प्रश्न विचारले, बाबा फोनवर सांगायचे ते सगळे. कधी काढली, टाकीत ठेवली होती का, मिटलेली आहेत का. एकेका शिंपल्याला टिचकी मारून बघितली. जन्मात मासा न शिवलेली बाई! त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून, बर्फात ठेवून दिली, आणि उघडायची बोथट सुरीही दिली. मोटरवेभर गाडीत समुद्राचा वास भरला होता. एरवी मी उलटी केली असती. त्या दिवशी मी गाणी म्हणत आले.

घरी पोचले तेव्हा सासूबाई वर अंघोळीला गेल्या होत्या. बाबा मागच्या काचेच्या खोलीत उन्हात बसले होते. मी खोका त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी फडकं उघडलं. मग एक कालव उचललं, टॉवेलात धरलं, सुरीचं टोक सांध्यात घातलं. मनगट वळवलं आणि शिंपला उघडला. त्यांनी तो नाकाजवळ नेला आणि डोळे मिटून वास घेतला.

“खा ना,” मी म्हटलं. “आता चालतं तुम्हाला.”

त्यांनी डोळे उघडले. “कोण म्हणालं?”

“नर्स. काल.”

“काय म्हणाली? तिचे शब्द सांग.”

मी सांगितले. आनंदानं सांगितले. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतात तसे.

“मीसुद्धा हेच सांगायचो,” ते म्हणाले. “अगदी याच शब्दांत. वॉर्डाबाहेर नेऊन.”

“कुणाला?” मी विचारलं.

त्यांनी हातातल्या शिंपल्याकडे बघितलं. मी खाली फरशीवर बसले. केमो का थांबली, नर्स का येते, तिनं माझ्या दंडाला हात का लावला, सगळं एकदम कळलं. बाबांनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. “मला माहीत आहे गं केव्हापासून. तिला नाही सांगितलं,” त्यांनी वर बोट दाखवलं. “तिला जमणार नाही.”

जिन्यात पावलं वाजली. मी डोळे पुसून उठेपर्यंत सासूबाई दारात. केस ओले, टॉवेल खांद्यावर. त्यांनी खोका बघितला, बाबांच्या हातातलं उघडं कालव बघितलं आणि त्यांचा आवाज चढला. “अहो! हे काय?”

मी त्यांचं तोंड बघितलं आणि तेव्हा मला कळलं, की बाबांनी ते एक कालव तोंडात टाकलं तर ही बाई थांबवेल, ओरडेल, आणि त्यांनी ऐकलं नाही तर का ऐकत नाहीत असा विचार करायला लागेल. चाळीस वर्षांहून जास्त डॉक्टरचा संसार केलेली बाई. तिला उत्तर सापडायला वेळ लागला नसता.

बाबांनी शिंपला खाली ठेवला. “अगं, बघ ना ही तुझी सून,” ते म्हणाले. “शाकाहारी माणसाला काय कळतंय? कच्चं कसं चालेल मला एवढ्यात? आधी पेशी वर यायला नकोत?”

“तेच म्हणते मी!” सासूबाईंनी खोका उचलला. “काय गं तू, शिकलेली ना? एवढी केमो झालीय त्यांची. काही झालं असतं म्हणजे?”

“चुकलं, आई,” मी म्हटलं.

“तिला बोलू नकोस,” बाबा म्हणाले. “आणलीच आहेत तर तू सुकं कर. चांगलं शिजव.”

त्या दिवशी सासूबाईंनी ओलं खोबरं खवलं, कांदा परतला, मालवणी मसाला घातला. कालवं इतकी शिजवली की रबर झाली असावीत. बाबांना तेव्हा दोन घासही जात नव्हते, पण त्यांनी वाटीतलं सगळं संपवलं आणि मागून आणखी थोडं घेतलं. सासूबाई समोर बसून बघत होत्या. “ऑक्टोबरपर्यंत येतील पेशी वर,” त्या म्हणाल्या. “मग जाऊ. मग खा हवी तेवढी कच्ची. मी नाही काही बोलणार.”

“आणि बघशील का माझ्याकडे?”

“बघेन की,” त्या म्हणाल्या.

बाबा मान खाली घालून वाटी पुसत राहिले. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून आत गेले आणि नळ सोडून रडले. संध्याकाळी नवरा स्लाऊच्या ऑफिसातून आला तेव्हा त्याला ड्राइव्हवेमध्येच, गाडीत बसवून सांगितलं. त्यानंही मग आईला काही कळू दिलं नाही. आम्ही तिघांनी मिळून ते पथ्य शेवटपर्यंत पाळलं. वाफवलेली काकडी, मारलेली कोथिंबीर, साबणाचं केळं. नर्सलाही मी हळूच सांगून ठेवलं, की सासूबाईंसमोर खाण्याचा विषय नको. ती म्हणाली, बरं.

उन्हाळा लागायच्या आत बाबा गेले. घरातच, झोपेत.

भेटायला खूप माणसं आली, अगदी लंडनपलीकडच्या क्रॉयडनहूनसुद्धा. ज्यांच्या मुलांचं पुरळ बाबांनी फोनवर बरं केलं होतं, ती सगळी. सासूबाई सगळ्यांशी नीट बोलल्या. पाणी विचारलं, चहा विचारला. सगळे गेल्यावर एका दुपारी आम्ही दोघीच होतो. मी त्यांच्या केसांना तेल लावत होते. पाठमोऱ्या बसूनच त्यांनी मला विचारलं, “खरं सांग हं. पथ्यात माझ्याकडून काही राहिलं का?”

“नाही, आई,” मी म्हटलं. “काहीसुद्धा नाही.”

“काहीतरी कच्चं गेलं असेल पोटात. त्याशिवाय का असं अचानक?”

“नाही हो. तुम्ही एकदाही जाऊ दिलं नाहीत.”

“तू आणली होतीस ती कालवं,” त्या म्हणाल्या. “हातात घेतलं होतं त्यांनी, बघितलं मी. पण खाल्लं नाही. माझं ऐकायचे ते.”

“हो,” मी म्हटलं. “तुमचंच ऐकायचे.”