घोडेस्वाराचा बिल्ला

तार्नूफमध्ये रविवारी भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात झेनॉन व्होयताशचा शब्द शेवटचा मानला जाई. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. पण ओळख होती ती दुसऱ्या महायुद्धाआधीच्या पलटणींच्या बिल्ल्यांमुळे. बिल्ला तळहातावर पडायचा अवकाश, झेनॉन पलटणीचं नाव सांगून मोकळा.

त्या जुलैत मार्सेलिना नावाची पासष्टीची बाई रुमालात गुंडाळलेला बिल्ला घेऊन आली. वरचं मीनाकाम उडालेलं, मधला पलटणीचा आकडा झिजलेला.

"माझ्या वडिलांचा. घोडदळात होते ते," ती अभिमानानं म्हणाली.

झेनॉनचा चष्मा घरी राहिला होता. चार लोकांसमोर ते कबूल करणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं बिल्ला उलटसुलट केला, सवयीनं वहीच्या पानाखाली धरून वरून पेन्सिल घासली, ठसा घेतला आणि म्हणाला, "कसलं घोडदळ, बाई! हा रसदीच्या तुकडीचा. तुमचे वडील ओटची पोती वाहत होते."

शेजारचा, पोस्टाची जुनी तिकिटं विकणारा रोमेक खो खो हसला. "म्हणजे घोडा होता की! फक्त गाडीला जुंपलेला!"

सगळे हसले. बाईनं बिल्ला रुमालात बांधला आणि ती निघून गेली.

दुपारी जेवण झाल्यावर झेनॉननं चष्मा लावून वही उघडली. ठशात आकडा लख्ख दिसत होता. बिल्ला घोडदळाचाच होता. मार्सेलिनाला शोधणं अवघड नव्हतं, गाव केवढंसं! पण पुढच्या रविवारी रोमेकसमोर चूक कबूल करायला त्याची जीभ उचलली नाही. मग त्याच्या पुढच्याही नाही. असे साडेतीन महिने गेले.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, मृतांची आठवण करायच्या सर्व संतांच्या दिवशी, दफनभूमीत बायकोच्या थडग्यावर दिवा लावून परतताना त्याला मार्सेलिना दिसली. एका जुन्या दगडापुढे ती शेवंतीची कुंडी ठेवत होती. दगडावर नावाखालचा एक शब्द छिन्नीनं खरवडलेला होता. जखम अजून पांढरी होती.

"इथं काय होतं?" त्यानं विचारलं, तरी त्याला कळलंच होतं.

"घोडेस्वार," ती म्हणाली. "आईनं कोरून घेतलं होतं. तुम्ही सांगितल्यावर मी काढून टाकलं. खोटं कशाला ठेवायचं मेलेल्या माणसाच्या डोक्याशी?"

झेनॉननं टोपी काढली. "खोटं नव्हतं ते. चूक माझी झाली, बाई."

"कधी कळलं तुम्हाला?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "त्याच दुपारी."

तिनं पिशवीतून पावतीचा कागद काढला आणि त्याची कोरी बाजू त्याच्यापुढे धरली. "लिहून द्या. माझा भाऊ माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. दगड खरवडला म्हणून त्यानं माझ्याशी बोलणं टाकलंय."

गुडघ्यावर कागद ठेवून त्यानं पलटणीचं नाव लिहिलं, आपली चूक लिहिली, सही केली.

तिनं वाचलं आणि कागद परत दिला. "त्याच दुपारी कळलं होतं, तेही लिहा."

येणारेजाणारे बघत होते. रोमेकही बायकोबरोबर दोन ओळी पलीकडे उभा होता. झेनॉननं तेही लिहिलं. मार्सेलिनानं कागदाची घडी घातली आणि तो पिशवीत ठेवून ती फाटकाकडे चालू लागली.