आप्पांनी पारखलेला खेळ

माझ्या आईच्या मामांनी, म्हणजे वरवंडच्या आप्पांनी, पारखल्याशिवाय एकही वस्तू आजवर घरात येऊ दिलेली नाही. घरची मेंढरं आप्पांच्या वडिलांच्या काळातच गेली, आता शेतात ऊस आहे. पण मेंढरू निवडायची नजर तेवढी आप्पांकडे राहिली. पंखा घेताना त्यांनी दुकानात खुर्ची मागून घेतली आणि दुपारभर त्याखाली बसून राहिले. मुलीला बघायला आलेल्या पाहुण्याला चहाआधी विहिरीपर्यंत चालवून आणलं. "बसल्यावर समदीच चांगली दिसत्यात. चाल बघाया पायजे." पाहुणा पास झाला; पण सासुरवाडीत जावई अजूनही जरा जपूनच चालतात.

त्याच जावयांच्या लेकीने, शिरूरला पाचवीत शिकणाऱ्या ईश्वरीने, दिवाळीच्या सुट्टीत वरवंडला आल्यावर मोबाईलवरचा एक खेळ मागितला. चित्रविचित्र प्राण्यांची कार्डं जमवायची आणि त्यांची झुंज लावायची. "आप्पा ठरवतील," म्हणून तिची आई मोकळी झाली. खेळ इंग्रजीत, म्हणून दौंडहून मला बोलावणं आलं. मी फारसं बोलत नाही, हा माझा गुण वाटतो तो फक्त आप्पांना. "लई बोलनाऱ्याचा माल खोटा असतुया," असं त्यांचं मत आहे.

"स्कूल बसमध्ये सगळ्या हेच खेळतात," ईश्वरी म्हणाली. "मी एकटीच खिडकीतून बाहेर बघत बसते." ती खिडकी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. मी मान खाली घालून नियम वाचायला घेतले.

झुंजीला आप्पांची हरकत नव्हती. "एडकं बी टकरा घेत्यात की." गाडी अडली ती कार्डांच्या बंद पाकिटापाशी. आधी पैसे भरायचे, मग आत कुठलं कार्ड निघतं ते बघायचं.

"पोत्यात बांधलेलं कोकरू कुनी बाजारात आनलं, तर घेशील का गं?"

"आप्पा, तीच तर मजा असते!"

"मजा हाय, म्हून तर भ्या वाटतंय."

नवं जनावर आधी वेगळं बांधतात, तसा तो खेळ आप्पांनी आधी स्वतःच्या मोबाईलवर घेतला, आणि ते सतत हरू लागले. कारण काल लढलेलं कार्ड ते आज लढायला काढत नसत. "दमलंय ते." नको असलेली कार्डं मोडून नवी करता येतात, असं ईश्वरीने सांगितल्यावर ते उखडले, "ही खाटकाची कामं मला सांगू नगंस!" रोज सकाळी एक पाकीट मात्र फुकट मिळे. त्यापायी चहा गार होऊ लागला. एकदा उसाला पाणी सोडायची पाळी आली, गडी बांधावरून हाका मारतोय आणि आप्पा ओट्यावरून ओरडतायत, "थांब रं, पाकीट उघडतुया!"

त्या दिवशी जेवणं झाली. हात धुऊन त्यांनी ईश्वरीला जवळ बसवलं.

"खेळ वाईट न्हाई, बाय. पर माझं केस पिकलं, तरी मला आवरंना. तुला कसं आवरंल? जरा मोठी हो, मंग खेळ. तवर मीबी न्हाई खेळनार."

मोबाईल त्यांनी माझ्याकडे दिला. मी खेळ काढून टाकला. ईश्वरी तणतणत आत गेली, तेव्हा आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू निकाल मीच दिला होता.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि त्यांना टेकून बसली. "मग आता काय खेळायचं आपण?"

वडिलांच्या कळपामागं चालण्यात आप्पांचं लहानपण गेलं, तिथे खेळायला सवंगडी कुठून असणार?

"मला न्हाई येत काई," ते हळूच म्हणाले. "तू शिकीव."