स्पॉन्सर काका

व्हिसाची फाईल जाड होत जाते, तसे तिचे किस्सेही वाढत जातात. फाईल निदान एक दिवस जमा करून टाकता येते. किस्से घरातच राहतात, आणि कुणी चहाला आलं की आई म्हणते, "अगं, ती काकांची गंमत सांग ना!"

गंमत!

मला साधा दरवाजा आपटला तरी दचकायला होतं. त्यात परदेशी कॉलेजात ॲडमिशन मिळाली, बाबांनी पीएफ काढून तिथलं डिपॉझिट भरलं, आणि मग कळलं की व्हिसा नाकारला गेला तर त्यातलं फारसं परत येत नाही. तेव्हापासून मी नीट जेवलेली नाही. तर ऐका.

*

जुन्या पनवेलात भाजी मार्केटच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर आमच्या कन्सल्टंट मॅडमचं ऑफिस. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "स्पॉन्सर कोण? म्हणजे खर्च कोण करणार?"

बाबा ताठ बसून म्हणाले, "मी!" बाबा एका शाळेत क्लार्क.

मॅडमनी सहा महिन्यांचं स्टेटमेंट वरपासून खालपर्यंत पाहिलं. एक तारखेला पगार आत, सहा तारखेला बाहेर. परत एक, परत सहा.

"साहेब," मॅडम अगदी प्रेमानं म्हणाल्या, "हे खातं आहे की एसटी स्टँड? कुणी मुक्कामालाच थांबत नाही!"

बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसले. घरी जाताना मात्र रिक्षात त्यांनी ते स्टेटमेंट चार घड्या घालून खिशात कोंबलं.

*

तिथेच मला झोया भेटली. तिच्या अब्बूंचं हार्डवेअरचं दुकान, तीन मजली घर, तरी फाईल अडकलेली. कारण सगळा धंदा रोखीचा, आणि रिटर्नमध्ये उत्पन्न इतकं कमी की वाचून आपणच त्यांना डबा द्यावा.

अब्बू एकदा थेट कापडी पिशवी घेऊन आले आणि मॅडमच्या टेबलावर ओतली. "गिन लो मॅडम! और क्या सबूत चाहिए?"

मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. मॅडम ओरडल्या, "आधी ते उचला!"

अब्बू नोटा परत भरत खिन्नपणे म्हणाले, "वीस साल कम दिखाने में गए, बेटा. अब ज़्यादा दिखाना आता ही नहीं."

झोयाने यंदाचा प्रवेश सोडला. मी तिला फोन करायचं टाळते.

*

मग बाबा मला घेऊन गावी गेले, चुलतभावाकडे. हे आमचे काका. त्यांची जमीन विमानतळात गेली, मोबदला आला. बाबांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही, त्यामुळे तासभर ते भातशेतीबद्दलच बोलत राहिले. भातशेती उरलेलीच नाही, तरी!

शेवटी काकाच म्हणाले, "पोरीचा कागद दे, कुठं सही करायची ती सांग. माज्या जमिनीवरनं इमानं उडणार, त्यांच्यात आपली एक पोर नको काय?"

बाबा रडले. मी पण. काकूने सुक्या बोंबलाची पिशवी बांधून दिली, "तिकडं जाशील तवा ने."

*

व्हिसावाल्यांना पैसे मुक्कामाला दिसावेत म्हणून काकांच्या खात्याला सहा महिने हात लावायचा नाही, असं ठरलं. चौथ्या महिन्यात काकांच्या धाकट्या मुलाची, नितेशची हळद आली.

आमच्याकडे लग्न एक वेळ साधं चालेल, हळद नाही. मांडव, बँजो, मटण, चार गावं जेवायला. काकांनी खात्यातून भरपूर काढले आणि पंधरा दिवसांनी रोख परत भरले.

मी रडकुंडीला आले. काका म्हणाले, "घेतले तेवढे परत ठेवले ना? मंग खात्याला काय कळतंय?"

मॅडम म्हणाल्या, स्पष्टीकरणाचं पत्र जोड. मी इंग्रजीत लिहिलं, पैसे हळदीसाठी काढले होते. मॅडमनी कपाळावर हात मारला. "तिकडचा ऑफिसर चमचाभर हळद दुधात घालून पितो गं! त्याला वाटेल, ह्यांनी गोडाऊन भरलं!"

शेवटी पुरावा म्हणून फोटो लावले. पिवळेधम्मक काका, बँजोसमोर, दोन्ही हात वर. खाली मी टाईप केलं, 'स्पॉन्सर'.

*

फाईल गेली, आणि दोनच दिवसांनी काकांना बँकेच्या नावाने चोराचा फोन आला. कार्डावरच्या सोळापैकी बारा आकडे काकांनी सांगितले होते. पुढचे चार राहिले, कारण चष्म्यावर नातू बसला!

मी तशीच रिक्षा करून गावी गेले. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत तीन वाक्यं लिहिली आणि टीव्हीशेजारी चिकटवली. पैशांबद्दल कुणीही, काहीही विचारलं की हेच वाचायचं. हे लोक घरच्यांची नावं घेऊन फसवतात, म्हणून तिसरं वाक्य खास.

मग तालीम. मी चोर झाले. पहिल्या वेळी काका म्हणाले, "थांब हां, पासबुक बगून सांगतो." सातव्या वेळेला पाठ झालं. निघताना काकू म्हणाली, "शिकलेली पोर घरात पायजे ती अशी!"

*

तीन आठवड्यांनी मी मॅडमकडे चौकशीला गेले. त्या दुसऱ्याच कुणाची तरी फाईल चाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काकांना फोन आला का गं?"

"कसला फोन?"

"तिकडून कधीकधी स्पॉन्सरला फोन करून खात्री करून घेतात. सांगून ठेव त्यांना."

मी जिन्यातच फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. तिसऱ्यांदा लावणार, तेवढ्यात हातातच वाजला आणि माझ्या हातून पडलाच! उचलला. काका.

"पोरी, आज आला तुजा चोर!" आवाजात नुसता आनंद. "बाई व्हती. पयली इंग्रजी बोलली, मंग मराठी. तुजं नाव घेतलं, बापाचं घेतलं. बोलली, हिच्या शिक्षणाचा खर्च तुमीच करणार काय?"

"काका... तुम्ही काय म्हणालात?"

"काय बोलणार! पुठ्ठाच वाचला. माज्याकडं पैसे नाय. माजं खातं नाय. या पोरीला मी वलखत नाय!"

मी जिन्यातच खाली बसले.

"मग ती?"

"जाम शांत व्हती. थँक्यू बोलली. चोर असली तरी बाई रीतीची हाय."