धुऱ्यापलीकडची पऱ्हाटी

माझ्या थोरल्या जावेचा मी उभा जन्म हेवा केला. त्यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही. बाई होतीच तशी. मी पहाटे उठून सडा, दळण, भाकरी उरकून वावरात पोचायची, तेव्हा ही ओट्यावर केस मोकळे सोडून बसलेली असायची. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिच्याजवळ घटकाभर टेकायची, हसायची आणि मग पुढे जायची. माझ्या दाराशी कोणी थांबत नसे. मी चौथी पास, तिला अक्षराची ओळख नाही. माझ्या घरात भांडं जागचं हललेलं दिसायचं नाही, तिच्या घरात पाय ठेवायला जागा शोधावी लागे. तरी दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा सासूबाई कोणालाही न विचारता गाठोडं घेऊन तिच्याकडे राहायला गेल्या.

वाटणीत नाल्याकाठचं वावर मधोमध तोडलं. नाल्याच्या वरच्या अंगाला आम्ही, खालच्या अंगाला भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. मध्ये फक्त एक धुरा, गवताचा हातभर बांध. जमीन एकाच पोताची, पण माणसं अगदी वेगळी. आमचे हे दिवस उगवायच्या आत वखर जुंपायचे. भासरे श्रावणात देवळात पोथी लावायचे आणि बाकीचे महिने त्या पोथीवर बोलायचे.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. श्रावणात नाला असा चढला की दोन्ही वावरांवरून गेला. पाणी उतरलं तेव्हा पऱ्हाटी, म्हणजे आमच्याकडे कपाशीच्या झाडाला म्हणतात ती, गाळात आडवी झालेली. पुढे ऊन पडलं आणि होती नव्हती तीही झाडं माना टाकून वाळली. दोन्ही वावरांची सारखीच वाट लागली होती, त्यात डावं-उजवं काही नव्हतं.

वाफसा आल्याबरोबर, म्हणजे जमीन पेरण्याजोगी सुकल्याबरोबर, यांनी मला म्हटलं, "चाल, उपटून टाकू. जवारी टाकतो. दाणा नाई झाला तं बैलायले कडबा तरी होईन."

आम्ही दोघांनी ती सगळी पऱ्हाटी मुळासकट उपटली. हाताला फोड आले, फुटले, परत आले. उपटलेलं टाकायचं कुठे? आमच्या बाजूला तर ओळन् ओळ पेरायची होती. धुऱ्यापलीकडे भासऱ्यांचं वावर तसंच पडून होतं. आमच्याकडे रीत अशी की शेजाऱ्याचं वावर त्या हंगामात पडीत असेल तर पऱ्हाटी तिकडे टाकायची. कोणी विचारत नाही, कोणी हरकत घेत नाही. त्यानं ती वाळली की सरपणाला न्यावी. आम्ही भाऱ्यामागून भारे धुऱ्यावरून पलीकडे फेकले. जाऊ एकदा तिकडून आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "बरं झालं वं, मायी चूल आयती भरली." उपटायला वाकली मात्र नाही.

दसऱ्याच्या आधी नुकसान पाहायला साहेब आले. नवीन राज्यात बदलून आलेले, देशावरचे. सोबत आमचा पटवारी. मी घरी होते. वावरात हे एकटे. संध्याकाळी हे आले ते असे खुशीत की मला वाटलं पाचपन्नास मिळाले.

"सायेबानं जवारी पाह्यली," म्हणाले, "अन् म्हणे, वा! असा शेतकरी पाहिजे."

"अन् नुकसानीचं काय म्हणे?"

"थे काई बोलले नाई."

"तुमी सांगतलं का नाई, कपाशी गेली म्हणून?"

"थे तारीफ करून राह्यले होते वं. मंधात कसं बोलू?"

मी कपाळाला हात लावला. सरकारी माणूस समोर आला की यांची जीभ टाळूला चिकटायची, त्यात शाबासकी मिळाली म्हणजे विचारायलाच नको. साहेबांनी काय पाहिलं असेल ते मला घरबसल्या दिसलं. धुऱ्याच्या अलीकडे हिरवीगार ज्वारी वाऱ्यावर डुलते आहे. पलीकडे गाळात मेलेली पऱ्हाटी, आणि वर आमच्या पऱ्हाटीचे ढीगच्या ढीग. आमचं नुकसान आम्ही उचलून जावेच्या पदरात टाकलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर चावडीत पटवाऱ्यानं मदतीची नावं वाचली. भासऱ्यांचं नाव आलं, आमचं आलं नाही. मी वाट पाहिली, एखादं पान उलटायचं राहिलं असेल. राहिलं नव्हतं. त्या पैशातून जावेनं पहिली वस्तू आणली ती पितळेचा गुंड, पाणी भरायचा मोठा हंडा. तो डोक्यावर घेऊन ती माझ्या दारावरून विहिरीवर जायची आणि यायची. विहिरीचा दुसरा, जवळचा रस्ता होता, पण तिला हाच आवडायचा. त्या गुंडावर ऊन पडलं की माझ्या डोळ्यांत जायचं. काम केलं मी. फोड आले मला. आणि जिनं कंबर वाकवली नाही तिच्या डोक्यावर गुंड! मी यांना म्हणायची, आपणही पोथी ऐकत बसलो असतो तर बरं झालं असतं. हे उठून गोठ्यात जायचे. त्याचा मला आणखी राग यायचा.

दिवाळी झाली आणि आमचा एक बैल गोठ्यात बसला तो उठलाच नाही. आता मात्र नुसत्या जळफळाटावर भागण्यासारखं राहिलं नाही. एका बैलावर वावर होत नाही, दुसरा घ्यायला गाठीला काही नाही, आणि उसनं घ्यायचं नाही ही यांची आण. पलीकडच्या गावचे एक मोठे कास्तकार सालदार शोधत होते. सालदार म्हणजे पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत एका मालकाच्या दारी बांधलेला गडी. यांनी त्यांच्याकडे शब्द टाकून ठेवला. ज्या माणसाच्या ज्वारीला साहेबानं शाबासकी दिली तो दुसऱ्याचे बैल हाकणार, आणि भासरे स्वतःच्या ओट्यावर पाय सोडून बसणार. मी म्हटलं, मी मेल्यावर जा. पाडव्याच्या आत ती मदत मी आणून दाखवते.

केळापूर तालुक्याची कचेरी पांढरकवड्याला. अर्ज मी माझ्याच अक्षरात लिहिला. पहिल्या खेपेला कारकुनानं तो घेतला आणि नंतर या म्हणून सांगितलं. पुन्हा गेले तर म्हणाला, उभ्या पिकाला मदत नसते. मी म्हटलं, उभं होतं ते दुसरं पीक, पहिलं मेलं त्याचं काय? तो म्हणाला, पहिलं कुठे आहे? मी म्हटलं, आहे, पण धुऱ्यापलीकडे आहे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकून एस.टी.त बसून आले होते. मग मी तिथेच ठाण मांडलं. घरून भाकरी बांधून नेली होती. कचेरीच्या पायरीवर बसून खाल्ली आणि परत आत गेले. शेवटी मला साहेबांसमोर नेलं.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. पाणी द्यायला लावलं, सगळं ऐकून घेतलं. उपटलेली पऱ्हाटी शेजारच्या वावरात टाकतात ही रीत त्यांना माहीतच नव्हती. त्यांच्या मुलखात कपाशीच कमी.

"बाई, मी पुन्हा येऊन पाहतो," ते म्हणाले. "पण लगतच्या शेतकऱ्यानं जागेवर सांगितलं पाहिजे की हा ढीग तुमचा. आणि एक लक्षात घ्या. तो ढीग तुमचा ठरला, तर त्यांचं नुकसान मी जास्त धरलं असं होईल. मग त्यांचं प्रकरणही उघडावं लागेल."

एस.टी.त बसून मी विचार केला. लगतचा शेतकरी म्हणजे भासरे. भासऱ्यांसमोर आमच्यात धाकट्या भावाची बायको तोंड उघडत नाही. ते आले की डोक्यावरचा पदर पुढे ओढून आत जायचं. म्हणजे सांगायचं ते जावेमार्फत. आणि जावेशी तर मी त्या गुंडापासून बोलतच नव्हते. जी बाई माझ्या डोळ्यांत खुपत होती तिच्याच दारात जाऊन म्हणायचं, तुझं थोडं कमी होऊ दे म्हणजे माझं होईल. ती शिव्या देईल, मी दोन जास्त देईन, असं धरून मी वाटभर भांडणाची जुळवाजुळव केली. सासूबाईंपासून सगळे जुने हिशेब काढायचे ठरवले होते.

ती ओट्यावर वाती वळत बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लपवलं काही नाही.

"तुमचंबी पाह्यतीन म्हणते सायेब," मी म्हटलं. "जास्त दिलं असन तं वापस मागतीन."

"पाह्यू दे," ती म्हणाली.

"बाई, तुमाले समजलं का मी काय म्हणून राह्यली थे?"

"समजलं वं. इतकी बावळट नाई मी." तिनं वात बोटांत पिळली. "पऱ्हाटी तुमचीच तं हाय. तुमची हाय म्हनायले काय लागते?"

माझी भांडणाची सगळी तयारी वाया गेली. इतका राग मला तिनं शिव्या दिल्या असत्या तरी आला नसता.

संक्रांतीनंतर साहेब आले. पटवारी, गावातले दोन पंच, आम्ही दोघं. भासऱ्यांनी "तूच जा" म्हणून बायकोला पाठवलं होतं. ढीग अर्धा जळणात गेला होता, अर्धा तसाच धुऱ्याला लागून पडला होता. साहेबांनी विचारलं, हा तुमचाच कशावरून नाही? तुमचीही कपाशी मेलीच होती ना?

जाऊ ढिगाकडे गेली, एक वाळकं झाड ओढून काढलं आणि त्याची मुळी साहेबांसमोर धरली.

"हे पाहा सायेब, मुळीसकट उपटेल हाय. आता आमच्या वावरात पाहा." पलीकडे गाळात वाळलेली झाडं जमिनीत रुतून तशीच होती. "आमी एक झाड उपटलं नाई. जिथीसा मेलं तिथीसाच हाय. आमच्या मानसाले इतकं काम होते कुठी? उपटेल असन तं थे या दोघायचंच असन."

पंच हसले. साहेब हसले. पटवाऱ्यानं तोंडावर रुमाल धरला. स्वतःच्या घरचा आळस भर वावरात, परक्या माणसांसमोर पुरावा म्हणून मांडताना तिला जराही संकोच वाटला नाही; ती स्वतःही हसत होती. साहेब म्हणाले, बाई, यानं तुमची मदत कमी होईल. ती म्हणाली, "जे आमचं नाई थे ठेवून काय करता?" आणि अंगठा पुढे केला.

मी तिच्या जागी असते तर धुऱ्यावर गेलेच नसते. हे मला तिथेच, त्या ढिगाजवळ उभं असताना समजलं. माझ्याकडे चौथीचं शिक्षण होतं, चकचकीत घर होतं, कामाला हात होते, आणि हे एक जे तिच्याकडे होतं ते माझ्याकडे नव्हतं, कष्ट करून मिळण्यासारखंही नव्हतं. घरी आल्यावर हे म्हणाले, "वयनी होती म्हणून झालं." कचेरीच्या पायरीवर भाकरी खाल्ली कोणी, हे त्यांच्या तोंडून कधी आलं नाही.

फाल्गुनात आमची मदत आली. यांनी घाटंजीच्या बाजारातून बैल आणला, तांबडा, खांद्याचा भरलेला. त्याच सुमारास भासऱ्यांना कचेरीचा कागद आला, जास्तीची रक्कम परत करा म्हणून. ती तर केव्हाच खर्चून गेली होती. पलीकडच्या गावच्या कास्तकाराला सालदार हवाच होता. यांनी नाही म्हणून कळवलं होतं, जागा रिकामी होती, आणि सालाची उचल आधी मिळत होती; भासऱ्यांनी ती घेऊन कचेरीत भरली.

पाडव्याला सकाळी भासरे घोंगडी खांद्यावर टाकून निघाले. मी माझ्या दारात पदराआड उभी होते. जावेनं त्यांना कुंकू लावलं, हातात भाकरीचं फडकं दिलं आणि रस्त्यात ऐकू जाईल अशी म्हणाली, "आता समजन तुमाले, दिवस कुठून उगवते थे!" भासरे हसले. जन्मात कामाला हात न लावलेला तो माणूस, परक्याच्या दारी राबायला निघालेला, बायकोकडे पाहून असा हसला की कोणी म्हणावं लग्नाला निघाला आहे. नाल्याच्या वळणापर्यंत तो मागे वळून वळून पाहत गेला.

माझे हे घरी होते. गोठ्यात जोडी होती. जे मागितलं ते सगळं माझ्या पदरात पडलं होतं, आणि मी उभी राहून तिच्याच दाराकडे बघत होते.